गांवचें मद्य गांवींच कां राहतें ?

सहलीच्या मोठ्या जहाजावर मनुष्याच्या सुखसोयीची बहुतेक सारी सामग्री मागितल्याबरोबर हजर होते. स्कॉटलंडची व्हिस्की, फ्रान्सची ब्रँडी, रशियाची व्होडका, वेस्ट इंडीज बेटांची रम अशा देशोदेशींच्या बाटल्या तेथील पानगृहांत ओळीनें मांडलेल्या असतात. मात्र ज्या किनाऱ्यास जहाज उद्यां लागणार असतें, त्या किनाऱ्याचें स्वतःचें मद्य त्या ओळींत बहुधा नसतें. प्रवासी बंदरावर उतरतो, चार दुकानें पालथीं घालतो आणि पुष्कळदां रिकाम्या हातानें किंवा भलतीच बाटली घेऊन परत येतो.

ज्या वस्तूचें घर जवळ, तीच वस्तु दुर्मिळ कां असावी ? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरांत ऋतु, व्यापार, कायदा आणि डोंगरांत राहणाऱ्या एका समाजाचा दीडशें वर्षांचा इतिहास गुंतलेला आहे. खानदेशच्या वाचकांस तर या प्रश्नाचा अर्धा भाग घरबसल्या दिसण्यासारखा आहे. मद्यपानाची भलावण करणें हा या विवेचनाचा हेतु नाहीं. जो घेत नाहीं त्यानें घेण्याचें कांहींच कारण नाहीं. पण ज्या पदार्थाभोंवतीं कायदे झाले, चळवळी उठल्या आणि माणसें दगावलीं, तो पदार्थ काय आहे हें जाणण्यास कोणाची हरकत नसावी.

प्रथम मद्य गाळण्याची क्रिया थोडक्यांत पाहूं. कोणत्याही गोड रसांत किण्व, म्हणजे यीस्ट, वाढूं लागलें कीं त्यांतील साखरेचें मद्यार्कांत रूपांतर होतें. ताडी, माडी आणि द्राक्षासव हीं अशीं नुसत्या आंबवण्यानें तयार होणारीं पेयें होत. हा आंबलेला रस तापविला असतां मद्यार्क सुमारें ७८ अंशांवर उकळतो आणि पाणी १०० अंशांवर. म्हणून प्रथम निघणाऱ्या वाफेंत मद्यार्काचा अंश अधिक असतो. ती वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यांत नेऊन थंड केली म्हणजे गाळीव दारू मिळते. मराठींत 'पहिल्या धारेची' हा जो शब्दप्रयोग रूढ आहे, त्याच्या मुळाशीं हेंच शास्त्र आहे. आरंभीं पडणारी धार तीव्र असते आणि पुढें पुढें ती पाणचट होत जाते.

क्रिया सगळीकडे एकच. फरक पडतो तो रसाचा. ज्या भूमींत जें गोड पिकतें, त्याचें मद्य तेथें होतें. कोंकणपट्टींत काजू व माड, सातपुड्यांत मोह, सिंहलद्वीपांत नारळाची ताडी, मार्टिनिक बेटांत उंसाचा ताजा रस. म्हणूनच हें मद्य त्या त्या भूमीची खूण ठरतें, आणि म्हणूनच तें त्या भूमीबाहेर सहसा जात नाहीं.

आतां दीपनगरचा एखादा गृहस्थ गोव्याच्या सागरी सहलीस निघाला आहे अशी कल्पना करूं. भुसावळजवळच्या विद्युत्केंद्राच्या या वसाहतीपासून मुंबई रेल्वेनें सुमारें साडेचारशें किलोमीटर. मुंबईहून गोव्याकडे आगबोटीनें जाण्याची रीत तशी जुनी आहे. पावसाळ्याचे महिने सोडून कोंकणचीं बंदरें घेत घेत जाणाऱ्या आगबोटी अनेक वर्षें चालू होत्या. पुढें ती वाहतूक बंद पडली. २०१८ सालीं 'आंग्रिया' नांवाची सहल-नौका या मार्गावर सुरू झाली होती, आणि २०२१ पासून त्याहून पुष्कळ मोठें 'कॉर्डेलिया' कंपनीचें जहाज मुंबईहून गोव्याच्या सफरी करूं लागलें. रात्रीं निघालेला प्रवासी गोव्यास मुरगांव बंदरांत उतरतो. त्याच्या हातीं कांहीं तास असतात. पणजी व मडगांव हीं शहरें तेथून कांहीं अंतरावर आहेत. एवढ्या वेळांत त्यास खरी फेणी शोधावयाची आहे.

फेणी म्हणजे काय, हें आधीं ठाऊक असलें तर शोध सोपा होतो. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलमधून आणलें. काजूगराची बी ज्याच्या टोकास लोंबते, त्या बोंडूचा रस हा या मद्याचा कच्चा माल. झाडावरून आपोआप गळून पडलेलीं पिकलीं बोंडें वेंचून तीं दगडी कुंडींत तुडवितात. त्यांतून शेवटीं ठिबकणारा स्वच्छ गोड रस म्हणजे 'नीरो'. आंबविलेला रस भट्टीवर चढविला कीं पहिल्या गाळपांत 'उर्राक' निघतो. त्यांत मद्यार्क शेंकडा पंधराच्या आसपास असतो. हा उर्राक पुन्हां आंबलेल्या रसाबरोबर गाळला म्हणजे शेंकडा बेचाळीसच्या आसपास तीव्रतेची फेणी हातीं येते. भांड्यांत धार पडतांना वर येणाऱ्या फेंसावरून, म्हणजे फेणावरून, तिचें हें नांव पडलें असें मानतात. दक्षिण गोव्यांत माडाच्या सुरेपासून केलेली दुसरी फेणीही आहे, आणि ती काजूच्या फेणीहून जुनी आहे. माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेरांची संख्या घटत गेल्यामुळें ती आतां अधिकच विरळ झाली आहे.

या वर्णनांतच दुर्मिळतेचें पहिलें कारण आलें. तें ऋतूचें होय. काजूचा हंगाम फाल्गुन ते वैशाख, म्हणजे साधारण मार्च ते मे एवढाच. उर्राक फार दिवस टिकत नाहीं. म्हणून तो त्या तीन महिन्यांतच प्यावयाचा, असा गोमंतकांत परिपाठ आहे. डिसेंबरांत सहलीस गेलेल्या प्रवाशानें उर्राक मागणें म्हणजे दिवाळींत हापूस मागण्यासारखें आहे. फेणी मात्र बाटलींत वर्षानुवर्षें राहूं शकते.

दुसरें कारण उत्पादनाच्या आकाराचें. काजूच्या बागांचे विभाग पाडून आबकारी खातें त्यांचा दर हंगामास लिलांव करतें आणि ज्यांनीं ते घेतले ते आपापल्या भागांत भट्ट्या लावतात. अशा एका भट्टींतून निघणारा माल थोडा. तो बहुतेक गांवांतच, तावेर्नांतून आणि ओळखीच्या घरांतून संपतो. सहलीच्या जहाजास एकाच चवीच्या शेंकडों बाटल्या वर्षभर लागतात. प्रत्येक भट्टीची चव निराळी आणि प्रत्येक वर्षाचें पीक निराळें, अशा मालाचा ठेका जहाजवाल्यांनीं घ्यावा तरी कसा ?

तिसरें कारण कायद्याचें, आणि तेंच सर्वांत बलवत्तर आहे. आपल्या देशांत दारूचा कारभार प्रत्येक राज्य स्वतंत्रपणें पाहतें. कायद्याच्या भाषेंत 'देशी दारू' हा एक वर्ग आहे आणि 'विदेशी' धर्तीची दारू हा दुसरा. फेणी देशी दारूच्या वर्गांत मोडत असल्यानें राज्याबाहेर तिची विक्री अवघड होती. काजूच्या फेणीस २००९ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे गोव्याबाहेर केलेल्या दारूस तें नांव लावतां येत नाहीं. पुढें २०१६ सालीं गोव्यानें आपल्या आबकारी कायद्यांत दुरुस्ती करून फेणीस वारसा-पेयाचा दर्जा दिला. या दोन गोष्टींनीं तिची प्रतिष्ठा वाढली. तरी सीमेवरचें दार उघडलें असें नाहीं. गोव्यांत विकत घेतलेली बाटली योग्य परवान्यावांचून महाराष्ट्रांत आणणें आजही गुन्हा आहे.

ही अडचण जगांत सर्वत्र सारखी आहे असें मात्र समजूं नये. सिंहलद्वीपांत नारळाच्या ताडीपासून अरक करतात. तो मोठ्या आसवण्यांत होतो, परदेशीं जातो आणि कोलंबोच्या परवानाधारक दुकानांतून सहज मिळतो. फ्रान्सच्या ताब्यांतील मार्टिनिक बेटांत काकवीऐवजीं उंसाच्या ताज्या रसापासून रम गाळतात. त्या रमला १९९६ सालीं फ्रेंच शासनानें नामसंरक्षण दिलें. ऊंस कोठला व गाळप कसें याचे नियम बांधून दिले, आणि बेटावर उतरणाऱ्या प्रवाशास आसवणी पाहून बाटली घेण्याची सोय झाली. ज्या देशानें आपल्या गांवच्या मद्यास नियम घालून मान दिला, तेथें तें प्रवाशास सांपडतें. आणि ज्या देशानें त्यास केवळ गुन्हा मानला, तेथें तें अंधारांत जातें. या दुसऱ्या प्रकारचें उदाहरण शोधण्यास खानदेशाबाहेर जावयास नको.

सातपुड्याच्या उतारांवर, चोपडें, यावल, रावेर व शिरपूर तालुक्यांच्या उत्तर अंगास आणि पुढें अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत मोहाचीं झाडें आहेत. होळीच्या सुमारास पानें झडलेल्या फांद्यांवर फुलांचे झुबके येतात. हीं फुलें पहांटे गळतात. जाड, रसाळ, फिकट पिवळीं आणि उग्र गोड वासाचीं. भिल्ल व पावरा कुटुंबांतील बायकामुलें उजाडण्यापूर्वीं टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात. वाळविलीं कीं तीं मनुकांसारखीं दिसतात. वाळल्या फुलाच्या वजनांत अर्ध्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणून टंचाईच्या दिवसांत हेंच फूल पोटाचा आधार झालेलें आहे. त्याचे लाडू करतात, तें पिठांत मिसळून भाकरी करतात. आणि मागाहून येणाऱ्या फळांतील बियांचें तेल निघतें. दारू हा या झाडाचा अनेक उपयोगांपैकीं एक उपयोग होय.

ती गाळण्याची रीत साधी आहे. वाळलेलीं फुलें मडक्यांत भिजवून कांहीं दिवस आंबूं देतात. तें मडकें चुलीवर चढवून तोंड लिंपतात, वाफ बांबूच्या नळींतून दुसऱ्या भांड्यांत नेतात आणि तें भांडें थंड पाण्यांत ठेवतात. ओढ्याकांठीं भट्टी लावण्याचें कारण हेंच. देवकार्यांत, लग्नांत आणि मयताच्या विधींत या दारूची धार प्रथम जमिनीवर सोडावयाची व मग इतरांनीं घ्यावयाची, ही जुनी चाल आहे.

अशा घरगुती वस्तूस बंदी कशी आली ? १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याच्या आधारें सरकारनें गांवोगांवच्या भट्ट्या मोडून दारू गाळण्याचें काम मोजक्या मध्यवर्ती आसवण्यांकडे व विक्रीचें काम मक्तेदारांकडे सोंपविलें. उद्देश महसुलाचा होता. १८९२ सालीं तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा वेगळा कायदा झाला. जें फूल कालपर्यंत आपल्या झाडाखालीं पडत होतें, त्याचीच दारू आदिवासीनें गुत्त्यावर पैसे मोजून, आणि पैसे नसतील तर उधारीवर, घ्यावी असा प्रसंग आला. त्या उधारींत पुष्कळांच्या जमिनी गेल्या.

याच्या विरोधांत जी प्रतिक्रिया उमटली ती शहरी वाचकांस अनपेक्षित वाटेल. १९२२ सालीं दक्षिण गुजरात व लगतच्या आदिवासी भागांत 'देवी'ची चळवळ पसरली. अंगांत आलेल्या देवीनें दारू व ताडी सोडा, रोज स्नान करा, अशी आज्ञा केली आणि हजारों लोकांनीं ती पाळली. दारूच्या दुकानदारांचा धंदा बसला. पुढें १९३८ सालीं पश्चिम खानदेशांत, तळोदा तालुक्याच्या भागांत, गुला महाराजांनीं दारू सोडण्याचा उपदेश केला. एकमेकांस 'आप' म्हणून आदरानें हांक मारावी, हा त्यांच्या पंथाचा विशेष होता, आणि त्यांच्या आरतीस लोकांचे थवेच्या थवे जमत. ज्यांच्या घरीं मोहाची धार देवास वाहिली जाई, त्यांनींच ती सोडून देण्यांत आपली सुटका पाहिली. म्हणून 'आदिवासी म्हटला कीं दारू' असें सरसकट बोलणें अज्ञानाचें लक्षण होय. त्यांनीं आपल्या मद्याचा मान जसा राखला, तसा त्याचा त्यागही स्वतःच्या विचारानें केला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि मोहाची फुलेंही त्याच्या नियमांत सांपडलीं. बंदी पुढें सैल झाली, गांवोगांव परवान्याचीं दुकानें आलीं. पण डोंगरांतली भट्टी बेकायदेशीरच राहिली. मोहाचीं फुलें गोळा करणें, सांठविणें व नेणें यांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं उठविले. फूल सुटलें, घरच्या भट्टीस मात्र मोकळीक मिळाली नाहीं.

दरम्यान इतरत्र पाऊल पुढें पडलें. मद्यनिर्माते डेस्मंड नाझरेथ यांनीं २०१८ सालीं मोहाची गाळीव दारू रीतसर बाटलींत भरून बाजारांत आणली, आणि ती प्रथम मिळूं लागली ती गोव्यांत. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशानें २०२२ सालीं मोहाच्या दारूस वारसा-मद्य मानण्याचें धोरण ठरविलें आणि आदिवासी बचतगटांस ती गाळण्याची परवानगी दिली. आपल्या नंदुरबारला लागून असलेला अलीराजपूर जिल्हा त्यांत आघाडीवर होता. डहाणू येथील एका जुन्या आसवणीनेंही अलीकडे मोहाचें मद्य बाटलींत आणलें आहे. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या दीपनगरच्या गृहस्थास आपल्याच डोंगरांतल्या फुलाचें मद्य कायदेशीरपणें चाखावयाचें तर कोणे काळीं समुद्रमार्गें गोवा गांठावा लागला असता !

घराजवळ जें मिळतें तें कसलें असतें, हें मात्र नीट समजून घेतलें पाहिजे. 'गावठी' किंवा 'मोहाची' म्हणून चोरून विकली जाणारी दारू पुष्कळदां मोहाची नसतेच. काळा गूळ व नवसागर यांचें रसायन सडवून ती काढलेली असते. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे कारखान्यांत लागणारा मिथिल अल्कोहोल तींत मिसळणें. याचा रंग, वास व धुंदी साध्या मद्यार्कासारखीच. परंतु यकृतांत त्याचें फॉर्मिक अॅसिड बनतें, दृष्टीची शीर जळते आणि थोड्या मात्रेनेंही मनुष्य आंधळा होतो किंवा मरतो. मुंबईंत मालवणी भागांत २०१५ सालीं अशा दारूनें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. बाटली हालवून फेंस पाहणें, थेंब तळहातावर चोळून वास घेणें, काडी लावून ज्योत पाहणें, या परीक्षा लोक सांगतात. त्यांपैकीं एकीनेंही हें विष ओळखतां येत नाहीं. अशी दारू पोटांत गेल्याचा संशय आल्यास, दृष्टि अंधुक होण्याची वाट न पाहतां रुग्णास ताबडतोब इस्पितळांत नेणें हाच उपाय आहे.

या सर्वांवरून प्रवाशानें कांहीं साधे नियम बांधून घ्यावे. पहिला नियम पंचांगाचा: निघण्यापूर्वीं ज्या बंदरीं जावयाचें तेथला हंगाम विचारून घ्यावा, उर्राकासाठीं मार्च ते मे, फेणीसाठीं कोणताही महिना. दुसरा दुकानाचा: परवाना असलेल्या दुकानांतून, निर्मात्याचें नांव व ठिकाण, तीव्रता आणि 'काजू' कीं 'माड' हें स्पष्ट छापलेली बाटली घ्यावी. साध्या मद्यार्कांत सुगंध घालून केलेली फेणीही विकली जाते. नक्षीदार बाटली व खोटें मद्य यांची जोडी पर्यटकांच्या बाजारांत वारंवार दिसते. तिसरा नियम जहाजाचा: बंदरावर घेतलेली बाटली बहुतेक जहाजांवर चढतांनाच ठेवून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात, म्हणून ती खोलींत नेण्याचा हट्ट धरूं नये. चौथा कायद्याचा: जेथें जहाज सोडावयाचें तेथल्या राज्याचा नियम आधीं पाहावा. महाराष्ट्रांत परवाना लागतो आणि शेजारच्या गुजरातेंत दारूबंदी आहे. चाखणेंच झालें तर तें गोव्यांतच, एखाद्या तावेर्नांत, थोड्या मात्रेनें व्हावें हें उत्तम. त्यांत बाटलीच्या वाहतुकीचा प्रश्नच उरत नाहीं.

राहतां राहिला एक नियम, तो कायद्याच्या पुस्तकांत नाहीं. दुर्मिळ मद्याच्या बाटलीस शहरांत व परदेशांत आतां चांगली किंमत येऊं लागली आहे. मोहाच्या बाबतींत ही किंमत कोणाच्या पदरांत पडते, हें विचारण्याचा ग्राहकास अधिकार आहे. फुलें वेंचणाऱ्या पावरा स्त्रीस पूर्वीप्रमाणेंच किलोमागें थोडे पैसे आणि बाटलीवाल्यास मोठा नफा, असें झालें तर १८७८ चा मक्ता नव्या वेष्टनांत परत आला असें म्हणावें लागेल. तिच्या गटास भट्टी लावण्याचा, भाव ठरविण्याचा, आणि ज्या गांवास दारू नको असेल त्या गांवास 'नको' म्हणण्याचा हक्क असला, तर मात्र झाडही राखलें जाईल आणि माणूसही. गांवचें मद्य दुर्मिळ राहिलें तरी फारसें बिघडत नाहीं. त्याच्या मूळ धन्यांस तें परकें होऊं नये, एवढें पाहिलें पाहिजे.